अक्काच्या नावचं कार्ड

आमच्या घरात हप्त्याचं पहिलं कार्ड आलं ते शिलाई मशीनबरोबर. जाड, घडीचं, फिक्या गुलाबी रंगाचं. वर अक्काचं नाव, तिच्या शाळेचं गाव, वस्तू कोणती, आगाऊ किती भरले ते, आणि आत महिन्यामहिन्याचे चौकोन. पैसे भरले की दुकानदार त्या महिन्याच्या चौकोनात शिक्का मारायचा. सगळे चौकोन भरले की वस्तू आपली. तोवर ती घरात असली तरी दुकानाची. एक हप्ता चुकला तर दंड, पुढचाही चुकला तर न्यायला हातगाडी दारात. हे सगळं कार्डाच्या मागे कानडीत आणि इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेलं असायचं आणि ते वाचणारी आमच्या घरात एकटी अक्का होती.

दुकान बीदरमध्ये, चौबाऱ्याच्या जुन्या बुरुजाकडून खाली येणाऱ्या रस्त्यावर. मशीन, रेडिओ, घड्याळं, सायकली, भांडी, गाद्या, लोखंडी कपाटं, सगळं तिथं मिळे, पण हप्त्यावर माल फक्त सरकारी पगारदाराला. तसा पगार आमच्याकडे अक्काचाच. माझी ही थोरली बहीण जनवाड्याच्या पुढं एका खेड्यात मराठी शाळेवर शिकवायची. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते हवाई दलाच्या ठाण्यावर बागेत रोजंदारीनं कामाला होते. आई लोकांची पोलकी हातानं शिवायची. मधला अण्णा हायस्कुलात होता आणि शेंडेफळ मी, इतकी लहान की अक्का माझी वेणी घालून मग बस पकडायची आणि घाईत माझे केस असे ओढायची की दिवसभर माझ्या भुवया वर चढलेल्या असायच्या.

मशीन घेताना अक्कानं दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला तो असा, की रोखीनं केवढ्याला आणि हप्त्यानं केवढ्याला? तो हसला. म्हणे, हे कुणी विचारत नाही, सगळे महिन्याला किती एवढंच विचारतात. अक्कानं दोन्ही आकडे घेतले, घरी आली आणि माझ्या पाटीवर वजाबाकी करून आईला दाखवली. "हे वरचे पैसे म्हंजे आपल्या घाईचं भाडं," ती म्हणाली. "भाडं भरून बी मशीन परवडतंय का, तेवढं बघायचं." आईच्या शिवणातून हप्ता निघेल असं तिला दिसलं, तेव्हा ती हो म्हणाली. जी वस्तू स्वतःचा हप्ता फेडायला हात लावत नाही ती हप्त्यानं घ्यायची नाही, हा तिचा नियम. दुसरा नियम, एक कार्ड संपल्याबिगर दुसरं नाही. तिसरा, आपल्या कार्डावर दुसऱ्याला माल घेऊ द्यायचा नाही, मग तो सख्खा का असेना. हा तिसरा नियम तिनं पाळता पाळता कसा मोडला, त्याचंच हे सगळं रडगाणं आहे.

आप्पा आधी तयार नव्हते. हप्ता म्हणजे देणं, आणि देणं म्हटलं की त्यांचा चेहराच पडायचा. कारण होतं. त्यांचे वडील गावच्या जमीनदाराकडं सालानं राबायचे. साल संपायचं, देणं संपायचं नाही. आजोबा वारले तेव्हा आप्पा पोरवयाचे होते, म्हणून ते देणं थोरल्या लेकीच्या, म्हणजे आमच्या आत्याच्या अंगावर आलं. पुढं तिचं लग्न झालं, ती नांदायला गेली आणि हातावरची हळद उतरायच्या आत जमीनदाराचा माणूस तिच्या सासरच्या दारात जाऊन उभा राहिला. बापाचं देणं हिच्याकडे आहे, हिला खुरपणीला पाठवा. सासरच्यांनी तिला त्याच माणसाबरोबर वाटेला लावलं. आत्या पुन्हा कधी नांदली नाही. भावाच्या घरात, लोकांच्या रानात, अशीच झिजून गेली. मी तिला पाहिलेलं नाही, पण आप्पांनी तिची आठवण काढली की पुढं एक वाक्य हटकून यायचं, "माजी लेक देणं घिऊन कुनाच्या उंबऱ्यात जायची न्हाई."

नंतर आम्ही बौद्ध झालो, गाव सोडलं, बीदरला आलो. भिंतीवरचे फोटो बदलले, जेवणाखाण्याची रीत बदलली, पण ते वाक्य आप्पांबरोबर तसंच आलं.

मशीनच्या कार्डावर सही करायच्या दिवशी मात्र वेगळंच घडलं. मी बरोबर होते म्हणून पाहिलं. दुकानदार मुसलमान, पांढऱ्या दाढीचा, बोलण्यात गोड. अक्का दारात दिसली तसा तो उठला, खांद्यावरच्या रुमालानं खुर्ची पुसली आणि म्हणाला, "आओ बाई, बैठो. चाचा, तुम भी बैठो, खडे कायको?" आप्पा खुर्चीच्या कडेवर टेकले. गावात दुकानदार आप्पांच्या पदरात मीठमिरची वरून टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. इथं खुर्ची, वर कपबशीत चहा, तोही दुकानदाराच्या कपासारख्याच कपात. घरी येताना आप्पा वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले, मास्तरीणबाईंना खुर्ची दिली म्हणे, खुर्ची. स्वतःच्या लेकीला ते मास्तरीणबाई म्हणायला लागले ते त्या दिवसापासून. कार्डाची भीती त्या खुर्चीनं घालवली आणि त्याच खुर्चीनं कार्डाचा लोभ लावला. आप्पांना मी आयुष्यभर दोष दिला, पण त्या दिवशीचा त्यांचा चेहरा आठवला की माझा राग अर्ध्यावर येऊन थांबतो.

मशीनचे हप्ते ठरल्यापेक्षा आधी फिटले. अक्का पगार झाला की घरी यायच्या आधी दुकानात जायची. शेवटचा शिक्का मारताना दुकानदार म्हणाला, "बाई, तुमारा कार्ड एकदम साफ है. दूसरा ले जाव." अक्का नको म्हणाली. हे आप्पांच्या कानावर गेलं आणि ते आठवडाभर घरात घुमे होऊन बसले. इतका मोठा माणूस आपण होऊन देतोय आणि ही नको म्हणते! शेवटी रेडिओ आला. रेडिओ स्वतःचा हप्ता काय फेडणार? आप्पा अंगणात बसून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बातम्या लावायचे, तेही कानडी. त्यातलं अर्धंच त्यांना कळायचं. अक्का हसली आणि दर महिन्याला शिक्का मारून आणत राहिली.

आता माझ्याही फोनवर गोड आवाजाच्या मुली येतात. मॅडम, तुमचा रेकॉर्ड फार चांगला आहे, म्हणून तुम्हाला हे कार्ड फुकट, वर मर्यादा वाढवून. मला तो पांढऱ्या दाढीचा दुकानदार आठवतो. तो वाईट नव्हता. पण वेळेवर फेडणारं गिऱ्हाईक दुकानाला सगळ्यात प्यारं असतं आणि त्याला कार्डाबिगर राहू द्यायचं नसतं, हे मला अक्काकडं बघून कळलं. बुडवणाऱ्याच्या वाटेला कुणी जात नाही. फेडणाऱ्याला मात्र सुटका नाही.

रेडिओनंतर अण्णाची सायकल आली, कॉलेजला जायला. ती गरजेची होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. सायकलीचे हप्ते चालू होते तेव्हा अक्का शिक्षकांच्या शिबिराला गुलबर्ग्याला गेली आणि परत आली ती गुणगुणत. आमची अक्का आणि गुणगुणणं! आईनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

मग एका रविवारी आळंदहून पाहुणे आले. मुलगा शिबिरातलाच, आळंदजवळ शाळेवर मास्तर, आमच्यातलाच. बरोबर त्याचे वडील आणि मावशी. त्यांनी येताना आळंदची तुरीची डाळ आणली होती, पिशवीभर. अक्का चहा करायला आत गेली आणि साखर घालायचीच विसरली. सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि कप खाली ठेवले. त्या मास्तरांनी मात्र कप पूर्ण रिकामा केला आणि म्हणाले, "चहा लई छान झालाय, आणखी थोडा मिळंल का?" दाराआड अक्का तोंडावर पदर घेऊन हसत होती. मला तेव्हाच ते भावजी म्हणून पसंत पडले. अक्काला ते किती पसंत होते हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. त्या दिवसानंतर ती माझी वेणी सैल घालायला लागली.

बोलणी सरळ होती. देणंघेणं काही नाही, वंदना घेऊन साधं लग्न, अक्काची बदली होईल तेव्हा होईल. आप्पांनी मात्र हात जोडून सांगितलं, "पावणं, एक हाय. लेकीच्या नावचं कार्ड चालू हाय. सायकलीचं. ते संपलं की दुसऱ्या दिशी लगीन." मावशीला हसू आलं, पण मास्तरांचे वडील म्हणाले, व्हय, बापाचं मन असतंय, थांबू. काही महिन्यांचाच तर प्रश्न होता. सायकलीच्या कार्डावर थोडेच चौकोन कोरे उरले होते आणि अक्का एकदम दोन-दोन हप्ते भरायला लागली. शाळेतून येताना बसचे पैसे वाचवायला ती जनवाड्यापासून चालत यायची. पाय दुखतात का विचारलं तर म्हणायची, "न्हाई ग, मोकळं वाटायलंय."

आणि सायकलीचं कार्ड संपलं. शेवटचा शिक्का मारून अक्का घरी आली, कार्ड आईच्या हातात दिलं. आईनं ते कपाळाला लावलं. मी उड्या मारत होते. एवढ्यात बाहेर हातगाडी थांबली.

गाडीवर लोखंडी कपाट होतं. हिरवट रंगाचं, दाराला आरसा. आणि गाडीमागून आप्पा, नवं धोतर नेसलेले, चेहरा असा फुललेला की बघत राहावं. सकाळीच ते दुकानात जाऊन आले होते. दुकानदारानं विचारलं होतं, बाईची शादी कधी? आणि बाईला काय देणार? मोकळ्या हातानं लेक धाडायची म्हटल्यावर कुठल्या बापाला बरं वाटेल? मग दुकानदार म्हणाला, कपाट ले जाव चाचा, बाईका कार्ड हैच. अक्काचं नाव त्याला ठाऊक, आप्पांचा अंगठा त्याला चालला. आगाऊची रक्कम आप्पांनी स्वतःच्या रोजंदारीतून साठवली होती, आईलासुद्धा कळू न देता, आणि अक्का शेवटचा हप्ता भरायला आली तरी तिला सांगू नका, असं दुकानदाराला बजावलं होतं. लेकीच्या लग्नात लेकीला द्यायचं कपाट, लेकीच्या कार्डावर!

अक्कानं कपाटाच्या दारावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "आप्पा, कार्ड कुनाच्या नावचं केलाव?"

"तुज्याच की. माज्या नावावर कोन देतंय?"

"मंग आता लगीन कसं करायचं?"

आप्पांच्या तोंडावरचा आनंद विझताना मी पाहिला. इतका वेळ त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत होत्या, लेकीला काही द्यायचं ही एक आणि लेकीच्या नावावर देणं नको ही दुसरी. आता दोन्ही एका अंगणात समोरासमोर आल्या. ते ओट्यावर बसले आणि गाडीवाल्याला कपाट उतरवायचं का नाही हेही सांगेनात.

अक्का दुसऱ्या दिवशी दुकानात गेली. कपाट परत घ्या म्हणाली. तो घ्यायला तयार झाला. फक्त आगाऊची रक्कम बुडणार आणि कार्डावर लाल शाईनं माल परत आल्याचं लिहावं लागणार. अक्काला दोन्ही चाललं असतं. तिनं घरी येऊन आप्पांना समजावलं, की आगाऊचं नुकसान एकदाच, हप्त्यांचं रोज. आप्पा ऐकेनात. लाल शाईवर अडून बसले. "माल माघारी गेला म्हंजे नाव गेलं. त्या दुकानात मास्तरीणबाईला खुर्ची देतेत. उद्या उभं ऱ्हा म्हनतील." आई मधे पडली, अण्णा मधे पडला. शेवटी आप्पा जेवायचे बंद झाले तेव्हा अक्का म्हणाली, राहू द्या, फेडते मी, वर्ष-दीड वर्ष तर आहे.

आळंदकरांना निरोप गेला. ते पुन्हा थांबले. अशी माणसं, मी सांगते, आता मिळायची नाहीत.

त्या साली पाऊस झाला नाही. पुढच्या सालीही नाही. ज्यांच्या घरात दाणा नाही ते पोलकं कुठून शिवणार, आईचं मशीन झाकून ठेवलं गेलं. आप्पांचं काम आठवड्यातून मोजक्या दिवसांवर आलं. सगळं घर अक्काच्या पगारावर येऊन बसलं आणि पगार ज्वारीत जायला लागला. हप्ता चुकायच्या आधीच ती दुकानदाराकडं गेली, पुढचे काही महिने निम्मेच भरते म्हणाली. चुकल्यावर तोंड लपवण्यापेक्षा आधी जाऊन सांगितलेलं बरं, असं तिचं मत होतं. त्यानं मान्य केलं, हातगाडी पाठवली नाही. कार्डाच्या खाली आणखी एक कागद चिकटवून नवे चौकोन आखून दिले. कार्ड लांबलं. पाहुण्यांचं थांबणंही लांबलं.

शेवटी आळंदहून निरोप आला की मुलाची आई अंथरुणाला खिळली आहे, आता लग्न करा. कार्ड राहू दे, सून इकडून हप्ते भरेल, आमची हरकत नाही. अक्कानं तो निरोप आप्पांना स्वतःच्या तोंडानं सांगितला. असं ती कधी बोलली नव्हती. आप्पा नको म्हणाले. आत्याचं सगळं पुन्हा सांगायला लागले, तर अक्का पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाली, "ते जमीनदार होते आप्पा. हे कपाट हाय." "देणं म्हंजे देणं," आप्पा एवढंच म्हणाले.

मग ते मास्तर स्वतः आले, एकटेच. मुक्कामाला नाही, दुपारच्या गाडीनं परत जायचं म्हणून. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि उरलेल्या हप्त्यांचे पैसे आप्पांपुढं ठेवले. आवाज अगदी खाली होता. म्हणाले, "मामा, हे भरा. कार्ड संपवा. मग तर काई अडचन न्हाई?"

आप्पांनी पैशांना हात लावला नाही. "लग्नाच्या आदी जावयाचे पैसे घिऊ? लेक इकली म्हनतील मला."

अक्का दाराआडून बाहेर आली. "उसने घ्या आप्पा. मी त्यांचे फेडीन."

"मंग नवऱ्याचंच देणं डोक्यावर घिऊन जायलीस की ग! ते बी देणंच."

आमच्या आप्पांनी सगळ्या बाजूंनी दारं लावून घेतली होती आणि आत स्वतःही कोंडले गेले होते. मास्तरांनी रुमाल पुन्हा बांधला, ते आईच्या पाया पडले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. अक्का त्यांच्याकडं बघत उभी होती आणि तेही तिच्याकडं बघत होते. मला वाटत होतं की हिनं आता चप्पल घालावी आणि त्यांच्याबरोबर चालू लागावं. देवाशपथ वाटत होतं, देव मानत नसलो तरी.

रात्री मी तिला तेच म्हणाले. गेली का नाहीस ग? ती माझ्या वह्या आवरत होती. "आप्पांच्या डोळ्यापुढं आत्या उभी हाय," ती म्हणाली. "तिला कोन बाजूला सारणार? मी गेले असते तर त्यांना वाटलं असतं, पुन्ना तसंच झालं." एवढं बोलून ती वह्यांना कव्हरं घालायला बसली. मला इतका राग आला की मी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला, जणू काही चूक तिचीच होती.

पुढच्या उन्हाळ्यात आळंदच्या मास्तरांचं लग्न झालं, मावशीच्या नात्यातल्या मुलीशी. त्यांच्या आईला सून बघायची होती. त्यांना दोष देता येत नाही. बातमी बाजारात कुणीतरी आईला सांगितली, आईनं चुलीपुढं बसून अक्काला सांगितली. अक्का "बरं झालं" म्हणाली आणि भाकरी उलटली. ती भाकरी करपली होती. तिनं तीच स्वतःच्या ताटात घेतली.

त्यानंतर लवकरच कपाटाचं कार्ड संपलं. मग अक्कासाठी आणखी दोन-तीन स्थळं आली, पण कुणाला ती वयानं मोठी वाटली, कुणाला तिची नोकरी पाहिजे होती. आणि खरं सांगायचं तर ती स्वतःच उठून पाणी द्यायला बाहेर येत नव्हती. आप्पा आता तिच्या लग्नाचं नाव काढत नसत. त्यांना कळलं होतं, नक्की कळलं होतं. ते तिच्यासाठी रोज ठाण्याच्या बागेतून एखादं फूल आणायचे, तिच्या पाटावर ठेवायचे. अक्का ते फूल केसांत घालायची, कारण नाही घातलं तर ते जेवायचे नाहीत.

मी मोठी झाले. शिकले, माझंही स्थळ आलं, उदगीरकडचं. मुलगा कारकून. आप्पा आता थकले होते, अण्णाचं नुकतंच लग्न होऊन त्याचा संसार वेगळा झाला होता. माझ्या लग्नाला भांडी हवी होती, गादी हवी होती, नवऱ्या मुलाला घड्याळ हवं होतं. मागितलं त्यांनी नव्हतं, पण दिलं पाहिजे असं आप्पांना वाटत होतं. अक्का मला घेऊन दुकानात गेली. पांढऱ्या दाढीचा दुकानदार वारला होता, त्याचा मुलगा गल्ल्यावर होता. तिनं त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला, रोखीनं केवढ्याला आणि हप्त्यानं केवढ्याला. हिशोब केला. मी म्हणाले, अक्का, घड्याळ नको, गादी नको, मला काही नको. ती म्हणाली, "गप ग. हे लांबचं कार्ड हाय, बारीक हप्ता हाय. मला कुटं जायचंय?" आणि सही केली.

लग्न आमच्याच गल्लीत मांडवात झालं. पांढरी साडी, वंदना, फुलं. जेवणं झाल्यावर उदगीरची मोठी माणसं निघायच्या तयारीनं बसली तेव्हा आप्पा काठी टेकत मधोमध उभे राहिले. ते कधी चार माणसांत बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "पावणं," ते म्हणाले, "आमी गरीब मानसं. पर एक सांगतो. माजी लेक कुनाचं एक पैचं देणं घिऊन तुमच्या उंबऱ्यात येत न्हाई. तिच्या नावावर काई न्हाई. साफ हाय." आत्या वारल्यापासून त्यांनी हे वाक्य कुणाला तरी म्हणायचं ठरवलं असणार. उदगीरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माझे सासरे उठून आप्पांना भेटले. म्हणाले, असा बाप पाहिजे.

अक्का तेव्हा शेवटच्या पंगतीच्या वाढप्यांच्यात होती. तिच्या हातात बुंदीचं ताट होतं, कुणी राहिलंय का बघत ती ओळीनं चालली होती. आप्पांचं बोलणं चालू झालं तेव्हा ती जिथं होती तिथं थांबली. बोलणं संपल्यावर पुढच्या माणसाच्या पानात बुंदी वाढली आणि म्हणाली, "घ्या की, कामून नको म्हनायलाव?" तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. आईचंही नाही, ती आप्पांकडं बघून डोळे पुसत होती. फक्त मी बघत होते, आणि माझ्या गादी-भांड्यांपासून नवऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळापर्यंत काय काय तिच्या नावावर चढलंय ते मला एकटीला माहीत होतं.

मी रडायला लागले. हमसून हमसून, थांबेचना. बायका भोवती जमल्या, कुणी पाणी दिलं, कुणी पाठ चोळली. नवरी आहे, सासरी निघाली आहे, रडणारच, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. अक्का ताट खाली ठेवून धावत आली, माझं तोंड स्वतःच्या पदरानं पुसलं आणि त्या बायकांसारखंच म्हणाली, "उदगीर काय लांब हाय का? रडू नको." का रडतेस, हे मला त्या दिवशी कुणीही विचारलं नाही.